पहिला पावसाळा मिस्त्रीचा

येत्या मार्चअखेर मी नोकरीतून मोकळा होत आहे. त्याआधी आमच्या एकोपा गृहनिर्माण संस्थेचं दप्तर नव्या चिटणीसांच्या हवाली करायला घेतलं. इतिवृत्तं, नकाशे, करार, पत्रव्यवहार, सगळं वर्षवार लावलेलं होतं. एकाच फाईलीपाशी ते थबकले. तिच्यात दोन कागद असे होते की ते तिथे का आहेत हे त्यांना कळेना. एक पत्र मी जुलै सासष्टमध्ये लिहिलं आणि पाठवलंच नाही. दुसरं आमच्या संस्थेचं नाहीच; ते मुरबे गावच्या एका बाईनं आपल्या नवऱ्याविरुद्ध माझ्याकडून लिहवून घेतलं.

"हे फाडून टाकू का?" नव्या चिटणीसांनी विचारलं.

मी नको म्हणालो, आणि त्यांना रामू तामोरेची हकीगत सांगितली. तीच इथे लिहितो.

बोईसरहून पामकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची नऊ घरं आहेत. चौसष्ट साली तारापूरला अणुविजेच्या कारखान्याचं काम निघालं आणि बोईसरला भाड्याची खोली मिळणं कठीण झालं. मग आम्ही नऊ जणांनी, म्हणजे तीन शिक्षक, दोन रेल्वेतले, एक पोस्टातले आणि बाकी माझ्यासारखे कचेरीतले कारकून, मिळून जमीन घेतली आणि संस्था नोंदवली. मी कॉमर्सचा पदवीधर, म्हणून मला चिटणीस केलं. दुसरी काही पात्रता माझ्याकडे नव्हती.

बांधकामाचा ठेका खंडेराव नावाच्या ठेकेदाराला दिला. फ्लॅटधारकांसाठी नवा कायदा तेव्हा नुकताच झाला होता, पण आमची जमीन आमचीच आणि ठेकेदार फक्त बांधून देणारा, त्यामुळे आमचा आधार म्हणजे आमचा करार. तो सतरा कलमांचा होता. त्यातली दोन कलमं लक्षात ठेवावीत. सातव्या कलमात लिहिलं होतं की वाळू सूर्या नदीची, मासवणच्या पात्रातली, धुतलेली असावी. बाराव्यात लिहिलं होतं की ताबा दिल्यापासून बारा महिन्यांत संस्था जो दोष लेखी कळवील, तो ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावा. बारा महिन्यांनंतर नाही.

रामू तामोरे हा खंडेरावांचा मुख्य गवंडी. वय चाळिशीच्या आसपास, बुटका, रुंद पंजांचा. कोणाच्याही भिंतीवर चढण्याआधी तो चपला काढून ठेवायचा. भिंत अर्धीमुर्धी असली तरी. ओळंबा सोडला की एक डोळा मिटून, श्वास धरून बघायचा आणि नाही जमलं तर स्वतःलाच शिवी देऊन चार विटा उतरवायचा. जातीनं मांगेला, म्हणजे मासेमारांतला, गाव समुद्रकाठचं मुरबे, बाप होड्या बांधणारा सुतार. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, बापाचा धंदा सोडून तुम्ही विटांकडे कसे आलात?"

"होडी बांदली की पान्यात नेऊन बगावी लागते ना, सेक्रेटरी. मला होडी लागते. खाडी ओलांडून सातपाटीला जाईपरत दोनदा ओकतो मी." आणि हसून म्हणाला, "आमच्या गावात माज्यासारका दुसरा नाय. म्हनून जमिनीवर पाटवला बापानं."

पासष्टच्या दसऱ्याला घरांचा ताबा मिळाला. खंडेरावांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि निघून गेले. रामू मागे राहिला. नऊ घरांमधून फिरून त्यानं प्रत्येक छज्ज्याखाली मान वर करून पाहिलं. मग मला म्हणाला, "सेक्रेटरी, पहिला पावसाला माजा."

मला कळलं नाही. त्यानं सांगितलं ते असं. मुरब्यात सुतार होडी बांधून देतो. नारळीपुनवेनंतर ती दर्यात जाते. पुढच्या पावसाळ्याआधी ती वर ओढेपर्यंत जिथे जिथे पाणी शिरेल, तिथे तिथे फळीच्या सांध्यात कापूस आणि राळ भरून द्यायची ती सुतारानंच. बोलावणं पाठवावं लागत नाही. होडी किनाऱ्याला लागली की सुतार आपणहून येऊन तळाला हात लावून बघतो. पहिला दर्या सुताराचा, मग पुढे मालकाचा. "घराला दर्या नाय," रामू म्हणाला, "पावसाला हाय. तेवडा माजा."

मला तेव्हा ते फार आवडलं. आमच्या बाराव्या कलमाचंच ते बोली रूप आहे असं मला वाटलं. त्या दोहोंत केवढा फरक आहे हे मला कळायला दोन वर्षं लागली.

सासष्टच्या जूनमध्ये घरं गळायला लागली. फार नाही, इथे भिंतीला ओल, तिथे छज्ज्याच्या कडेला बारीक चीर. भिंतींच्या पायथ्याला पांढरी भुकटी दिसू लागली, जिला आपण लोणा म्हणतो. जुलैत मी करार काढला, खंडेरावांना लिहायच्या पत्राचा मसुदा केला, कार्बन घालून पत्र लिहिलं. सकाळी ते टपालात टाकायला निघालो तर इंदुबाईंच्या दारात शिडी लावलेली. इंदुबाई आमच्या चार नंबरच्या, शाळेत शिकवायच्या, एकट्या राहायच्या. वर रामू, डोक्यावर गोणपाटाची खोळ. खाली घमेलं घेऊन लाडकी उभी होती. ती डोंगराकडच्या पाड्यावरची मजूरबाई, रामूच्या हाताखाली सहा वर्षं काम करत आलेली.

"कोणी बोलावलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पावसानं," लाडकी म्हणाली.

त्या पावसाळ्यात रामू अकरा वेळा आला. चिरा बुजवल्या, कडा सारख्या केल्या, लोणा खरवडून नवं प्लॅस्टर लावलं. चहाखेरीज कोणाकडून काही घेतलं नाही. ज्या ठेकेदाराचा माणूस पावसात भिजत आपली भिंत बुजवतोय त्याला नोटीस कसली पाठवायची, असं मला वाटलं. शोभलं नसतं ते. पत्र माझ्या टेबलाच्या खणात राहिलं. दसरा आला, गेला, आणि बारा महिने संपले.

सदुसष्टच्या जुलैत, शाळा सुटायच्या वेळी, इंदुबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा छज्जा खाली आला. बाई अजून शाळेतच होत्या. खाली त्यांचा पाण्याचा तांब्याचा हंडा होता, त्याची थाळी झाली. रोज त्याच जागी बसून त्या तांदूळ निवडत. त्या हंड्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "आज तांदूळ राहिले होते निवडायचे."

आठ दिवसांत आम्ही सगळे माना वर करून चालायला शिकलो. स्लॅबवर तांबूस डाग उमटू लागले होते. मी खंडेरावांना पत्र लिहिलं. उत्तर परतटपाली आलं: मुदत संपली आहे, मुदतीत एकही लेखी तक्रार नाही, शिवाय संस्थेनं बाहेरच्या माणसाकडून परस्पर डागडुजी करून घेतली, तेव्हा आता जबाबदारी संस्थेची. कायद्याच्या भाषेत ते पत्र चोख होतं. वाचताना माझे कान तापले, कारण त्यातली अर्धी ताकद त्यांना मीच पुरवली होती, आणि उरलेली अर्धी रामूच्या भलेपणानं.

रामू त्याच दिवशी आला. पडलेल्या छज्ज्याचा तुकडा त्यानं उचलला. आतली सळई फुगून पापुद्रे सुटत होते. तो तुकडा त्यानं पंच्यात बांधला आणि मुरब्याला गेला. तिसऱ्या दिवशी माझ्या कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"सेक्रेटरी, दोष गवसला. माजाच हाय."

तो सांगत गेला तसा मी त्याला पायरीवर बसवला आणि स्वतःही बसलो. घरी त्यानं तो तुकडा ओसरीवर ठेवला होता. त्याची बायको मंजुळा खारवलेल्या माशांच्या टोपल्या बांधत होती, काथ्याच्या दोरीनं. तिनं सळईकडे बघितलं आणि म्हणाली, "ही कंची तार? मीठ लागलेलं लोखंड हाय हे." मुरब्यातल्या बाया खारवलेल्या माशाची टोपली तारेनं कधीच बांधत नाहीत. एका पावसाळ्यात तार गंजून तुटते आणि टोपली फुटते. हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. रामू वीस वर्षं ते बघत होता आणि त्याला ते गवंड्याच्या कामाचं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

आमचं काम चालू असताना, पासष्टच्या एप्रिल-मेमध्ये, मासवणच्या वाळूच्या गाड्या वेळेवर येईनात. छज्जे आणि स्लॅब राहिले होते, पावसाळा तोंडावर आलेला. खंडेराव रामूला म्हणाले, तुमच्या मुरब्याच्या किनाऱ्यावरची आण. रामूनं आणली, आणि बिनघोर आणली. कारण मुरब्यातली सगळी जुनी घरं त्याच वाळूची, शिंपल्यांच्या चुन्यात कालवलेली, शंभर-शंभर पावसाळे खाऊन उभी. पण त्या घरांत लोखंडाची सळई नव्हती.

"लाडकी बोलली होती मला," रामू म्हणाला. "घमेलं भरताना चिमूट तोंडात टाकली आनि थुकली. 'मिस्त्री, ही रेती खारी हाय, नदीची अशी नसते.' मी हसलो तिला. म्हटलं, तू डोंगरातली, तुला खाऱ्याची भीती. आमी खाऱ्यातच जन्मलो."

मी त्याला विचारलं, हे सगळं लवादापुढे सांगाल का? आमच्या करारात वाद झाल्यास लवाद नेमायची तरतूद होती. दोन्ही बाजूंनी कमलाकांत चुरी यांचं नाव मान्य केलं होतं. ते बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, पालघरला राहायचे.

"सांगीन की," रामू म्हणाला. त्याला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

विचार करण्यासारखं पुढच्याच आठवड्यात आलं. खंडेरावांना तारापूरकडे नोकरवर्गाची घरं बांधायचं मोठं काम मिळालं होतं. त्यांनी रामूला बोलावून सांगितलं की वीस गवंड्यांचा मुकादम तू. निदान चार वर्षांचं काम. तुझ्या दोन भावांनाही घेतो. फक्त चुरीसाहेबांपुढे वाळू मासवणची होती एवढं म्हणायचं. आणि नाही म्हटलंस, तर बोईसर ते डहाणू कुठल्या ठेकेदाराकडे उभा राहतोस ते बघू.

तेव्हा गोष्ट सरळ होती. रामू बोलला तर आमची नऊ घरं वाचतील आणि त्याची रोजीरोटी जाईल. नाही बोलला तर त्याच्या उलट. त्याला 'या' म्हणायला मला तोंड नव्हतं. माझ्या खणात पडलेलं एक पत्र वेळेवर टपालात गेलं असतं तर त्याच्यावर ही पाळीच आली नसती.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात मंजुळा सुके बोंबील घेऊन बसली होती. मी मुद्दाम तिकडून गेलो.

"या सेक्रेटरी! बोंबील घ्यायला आले का मानसाची चौकशी कराला?"

"बोंबीलच द्या."

"चौकशी फुकट हाय, बोंबलाला दाम पडतील." शेजारणी हसल्या. मग तिनं आवाज उतरवला. "शेटचा मानूस दोनदा येऊन गेला घरी. दीर माजे रोज यांच्या कानाशी बसतात. वैनी, तू तरी सांग, म्हनतात."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगनार? मी म्हटलं, तुमाला होडी लागते म्हनून जमिनीवर आलात, आता जमीन पन लागायला लागली तर कुटं जाल?" बोंबील कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "पन सेक्रेटरी, चार वर्सांचं काम हाय हो. आमच्या ओसरीच्या वर गेल्या होळीला छज्जा घातलाय त्यांनी. गावात पहिला. अजून दोन खोल्या काडायच्या होत्या."

मी बोंबील घेऊन घरी आलो. खरं तर आमच्या घरी मासे खात नाहीत.

सुनावणी जानेवारी अडुसष्टमध्ये, एका रविवारी सकाळी शाळेच्या चौथीच्या वर्गात झाली. चुरीसाहेब मास्तरांच्या खुर्चीत, आम्ही पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. खंडेराव वकिलासारखी फाईल घेऊन आले होते. रामू सगळ्यांत मागे, दाराशी. चपला बाहेर.

खंडेरावांनी मुदतीचा मुद्दा मांडला, डागडुजीचा मांडला आणि मग जरा वाहवत जाऊन म्हणाले, "शिवाय साहेब, परवाचा कोयनेचा भूकंप. मुंबईपर्यंत भिंती हलल्या. तडे जाणारच."

चुरीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "छज्जा पडला जुलैत. भूकंप झाला डिसेंबरात. तुमचा भूकंप मागच्या तारखेपासून लागू होतो काय?"

वर्गात हशा झाला. खंडेराव हसले नाहीत. चुरीसाहेबांनी कराराचं सातवं कलम वाचलं आणि विचारलं, "वाळू कुठली?"

"मासवणची. सूर्येची. हा मिस्त्री इथे आहे. सांग रे, रामू."

रामू उठला. काही क्षण तो छताकडे बघत राहिला, सवयीनं असावं.

"सुरवातीची मासवणची. छज्जे आनि स्लॅब मुरब्याच्या वालूचे, साहेब. आमच्या किनाऱ्यावरची."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"शेटनी सांगितली." मी सुटकेचा श्वास घेतला, तोच तो पुढे बोलला, "पन शेटनी नुसतं 'कुटूनही आन' म्हटलं असतं तरी मी तीच आनली असती. मला ती वाईट वाटतच नव्हती."

"ऐका!" खंडेराव बाकावर हात आपटून म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय. चूक याची. मी काय वाळू चाखत बसू? आणि एवढी वाईट होती तर स्वतःच्या घराला का रे घातलीस? सगळ्या मुरब्याला दाखवत फिरत होतास ना, छज्जा बघा, छज्जा बघा?"

"घातली ना," रामू म्हणाला. "तेच तर सांगतोय मी. चोरून वाईट वालू घालनारा मानूस आपल्या बायकोच्या डोक्यावर घालील का? मला म्हाईत नव्हतं. लाडकीला म्हाईत होतं, मी तिचं ऐकलं नाय. आता म्हाईत झालं, तर गप कसा बसू?"

"आणि पहिल्या पावसाळ्यात दुरुस्ती केली ती?" चुरीसाहेबांनी विचारलं. "कोणी सांगितली?"

"कोनी नाय. पहिला पावसाला मिस्त्रीचा असतो, साहेब."

"पाहा साहेब, परस्पर!" खंडेराव म्हणाले. "बाहेरच्या माणसानं कामाला हात लावला."

चुरीसाहेबांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "खंडेराव, छज्जा घालताना हा तुमचा माणूस. छज्जा बुजवताना तो बाहेरचा. मधे कधी बाहेर गेला तो?"

मग ते सगळ्यांना घेऊन इंदुबाईंच्या घरी आले. दुसऱ्या खिडकीच्या छज्ज्याचा एक कोपरा रामूकडून फोडवला. त्यात दोन शिंपल्यांचे तुकडे निघाले. त्यांनी भुगा बोटावर घेतला, जिभेला लावला, आणि खंडेरावांपुढे हात केला. "चाखत नाही म्हणालात ना? आता चाखा."

खंडेरावांनी हात मागे बांधले.

निवाडा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. तो टंकलिखित निवाडा फाईलीत आहे; त्याचा आशय सोप्या शब्दांत असा. बारा महिन्यांची मुदत ही नीट केलेल्या कामात राहून गेलेल्या उणिवांसाठी आहे. ठरलेल्या वाळूऐवजी दुसरीच घालणं आणि ते न सांगणं ही उणीव नव्हे, तो करारभंग आहे. बारा महिने गप्प बसून तो धुऊन निघत नाही. संस्थेचा करार ठेकेदाराशी होता. गवंड्याला वाळूचा दोष माहीत नव्हता, आणि असता तरी तो ठेकेदाराचा हात; हातानं केलेल्या कामाची जबाबदारी हाताच्या धन्यावर. सबब ठेकेदारानं पावसाळ्याआधी नऊही घरांचे छज्जे व स्लॅब उतरवून नदीच्या वाळूनं नवे करून द्यावेत. निवाड्याची प्रत देताना चुरीसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "चिटणीस, पत्र लिहिणं म्हणजे भांडण करणं नव्हे. तुम्ही ते पाठवलं असतं तर या माणसाला स्वतःचं तोंड काळं करून घ्यायला इथे यावं लागलं नसतं." मी ते पत्र तेव्हापासून फाईलीत वर लावून ठेवलं आहे.

तोंड काळं झालं नाही त्याचं, हे खरं. पण काम गेलं. तारापूरच्या कामावर दुसरा मुकादम गेला, भावांनाही घेतलं नाही, आणि खंडेरावांनी बोलल्याप्रमाणे बाकीच्या ठेकेदारांनाही त्याला काम देऊ नका म्हणून सांगून ठेवलं. त्या वर्षी रामूनं पाममध्ये ओटे बांधले, विहिरीचे कठडे बांधले, एक चूल बांधलेलीही मला आठवते. आमचे छज्जे खंडेरावांनी दुसऱ्या गवंड्यांकडून करून घेतले. रामू रोज सकाळी येऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचा आणि वाळूची गाडी आली की लाडकीला पुढे पाठवायचा. ती चिमूट तोंडात टाकायची. तिनं मान हलवल्याखेरीज आम्ही गाडी रिकामी करू दिली नाही. नव्या गवंड्यांना राग यायचा. "ही कोण मोठी इंजिनेर?" एक जण म्हणाला. लाडकी म्हणाली, "मी थुकले की तुमाला उतरावं लागंल. मग बगा कोन मोटं."

दोन-तीन वर्षांनी गोष्ट उलटली. घर बांधणारे लोक ठेकेदाराला अट घालू लागले की मिस्त्री रामू तामोरेच हवा. बोईसरला कारखान्यांची वसाहत वाढली तशी त्याला कामाची कमतरता राहिली नाही. मुकादमकी केली, पण त्याच्या प्रत्येक कामावर वाळू पसंत करायची ती लाडकी, तिचे गुडघे चालत होते तोवर. आणि पहिला पावसाळा शेवटपर्यंत त्याचाच राहिला. एक बदल मात्र त्यानं केला. डागडुजीला आला की आधी घरमालकाला म्हणायचा, "ठेकेदाराला कागद लिवा. मग मी शिडी लावतो."

आता दुसरा कागद.

निवाडा आला त्याच आठवड्यात तो सांगायला मी मुरब्याला गेलो. रामूच्या घरापाशी पोचलो तर ठोकण्याचा आवाज येत होता. गावातला पहिला छज्जा. तो शिडीवर उभा राहून पहारीनं फोडत होता. खाली गल्लीतले दहा-बारा लोक उभे. कोणी म्हणत होतं, आहे तोवर राहू दे की. कोणी म्हणत होतं, त्याला काही धाड भरली नाही अजून. आणि खरंच, त्या छज्ज्याला नुसता एक तांबूस डाग होता, रुपयाएवढा.

मी निवाडा सांगितला. तो शिडीवरूनच म्हणाला, "बरं झालं. इंदुबाईंना सांगितलं?"

"सांगितलं. पण मिस्त्री, हा अजून दोन-तीन वर्षं टिकला असता."

"इंदुबाईंचा पन टिकंल असंच वाटत होतं. खाली नुसता हंडा होता म्हनून भागलं." आणि पहार उचलली.

मंजुळा अंगणात उभी होती, पदर खोचून. त्या छज्ज्यावर तिचा किती जीव होता हे मला बाजारातच कळलं होतं. मला वाटलं आता ती रडेल किंवा नवऱ्याला बोलेल. ती माझ्याकडे वळली.

"सेक्रेटरी, हे घर यांनी मला होळीला दिलं. गेल्या होळीला. म्हंजे वर्स कदी?"

मी मोजलं. "होळीला अजून पाच दिवस आहेत."

"मग अजून मुदत हाय."

"आहे," मी म्हणालो.

"तर कागद काडा. लिवा. माज्या घराचा छज्जा बिगाडलाय, खारी वालू घातलीय, मिस्त्रीनं तो पावसाल्याच्या आदी सोताच्या हातानं नवा करून द्यावा. नदीच्या वालूचा." ती मोठ्यानं म्हणाली, गल्लीनं ऐकावं म्हणून. "तुमी एकदा लिवायचं राहिलात ना? आता लिवा."

लोक हसले. रामू शिडीवर थांबला होता. मी खिशातून कागद काढला, ओट्यावर बसून, तारीख घालून, दोष आणि जागा नमूद करून, रीतसर पत्र लिहिलं: श्री. रामू तामोरे, गवंडी, यांस. मंजुळेनं खाली अंगठा उठवला. मी ते वाचून दाखवलं. रामू शिडी उतरला, हात धोतराला पुसले, कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्याला वाचता येत नव्हतं, पण सही करता येत असे, सावकाश.

"कुटं करू?"

"इथे. 'मिळालं' असं मी लिहितो, त्याखाली."

त्यानं सही केली आणि परत वर चढला. मी कार्बन नेला नव्हता, म्हणून तोच मूळ कागद मंजुळेनं माझ्याकडे दिला. "तुमच्या फायलीत ठेवा," ती म्हणाली. "आमच्याकडं उंदीर खातील." त्यावर मी नंतर तिच्यादेखत शेरा मारला: काम पूर्ण, दिनांक एकोणीस मे एकोणीसशे अडुसष्ट. पाऊस त्या वर्षी आला तेव्हा तो नवा छज्जा तीन आठवड्यांचा झाला होता.